पांतेलिसच्या नामदिवशी बंद दार

उन्हाळ्यात आमच्या गावात संध्याकाळी घरात बसतो तो एक तर आजारी, नाही तर कंजूष. मी आणि माझा नवरा पांतेलिस या दोन्हींतले नाही. दुपारची झोप झाली, ऊन डोंगराआड गेलं, की तो इस्त्रीचा शर्ट चढवतो, मी कानांत डूल घालते आणि आम्ही चौकातल्या चिनाराखाली जाऊन बसतो. तिथं दोन खुर्च्या आमच्या, दोन पारास्केवास आणि त्याची बायको लेमोनिया यांच्या. तळलेली बारीक मासळी, गार कलिंगड, अथेन्सहून सुटीला आलेल्या पोरींचे कपडे, कुणाची सून किती वाजता उठते, सगळं आम्ही चवीनं खातो. पुरुष दोघं लहानपणापासूनचे, भांडत भांडत म्हातारे झालेले. पारास्केवास तर आमच्या मुलीचा बाप्तिस्म्यापासूनचा धर्मपिता. खरं सांगते, या संध्याकाळींपुढे मला स्वर्गसुद्धा नको. तिथं गप्पा मारायला कोण असणार, नुसते संत.

यंदा जुलैत माशी शिंकली. पांतेलिसनं आपल्या मळ्यातल्या द्राक्षांची वाईन मोठ्या कौतुकानं चौकात नेली. पारास्केवासनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि अथेन्सच्या पाहुण्यांदेखत मला म्हणाला, "गारुफो, काकडी-टोमॅटो चिरून आण गं. व्हिनेगर आलंय."

सगळे हसले. मीही हसले, कारण वाईन खरंच आंबली होती. पांतेलिसनं बाटली उचलली आणि तो घरी चालता झाला.

"अरे, थट्टा केली त्यानं," मी मागून जात म्हणाले.

"थट्टा घरात करावी. चौकात केली की ती थट्टा राहत नाही."

"आणि तू त्याच्या बोकडाबद्दल चौकात काय काय बोलतोस?"

"ते खरं असतं."

आता यावर काय बोलणार, कप्पाळ!

आमच्याकडे ज्या संताचं नाव ठेवलेलं, त्या संताचा सण हाच माणसाचा नामदिवस, आणि या दोघांचे नामदिवस लागून येतात. सव्वीसला संत पारास्केवीचा, तो त्याचा. सत्तावीसला संत पांतेलिमोनचा, तो आमचा. नामदिवसाचं आवतण द्यायचं नसतं. दार सताड उघडं ठेवायचं, आणि येईल त्याच्या हातावर मुरंबा, थंड पाणी आणि मग वाईनचा पेला. सव्वीसची मैफल उठली की त्याच्याच खुर्च्या आमच्या अंगणात यायच्या, अशी आम्हा चौघांची रीत. यंदा पांतेलिस गेलाच नाही. मी एकटी गेले. पारास्केवास माझ्याशी बोलता बोलता सारखा रस्त्याकडे बघत होता.

"हे दोघं असेच राहिले तर आपण काय करायचं गं?" लेमोनियानं मला स्वयंपाकघरात विचारलं. म्हातारपणी नवी मैत्री कुठून आणायची?

दुसऱ्या दिवशी मी चेरीचा मुरंबा वाट्यांत काढत होते, तर पांतेलिस येऊन म्हणाला, "खिडक्या लावून घे. दारही लाव."

"डोकं फिरलं का तुझं?"

"यंदा मला नामदिवस नाही."

"मग तसं आधी सांगायचं असतं. लोक चौकात निरोप ठेवतात."

"मी चौकात जातो कुठं? कुणाला सांगू, कोंबड्यांना?"

त्याच्या पोटात काय होतं ते मला कळत होतं. दार उघडं ठेवलं, सगळं गाव आलं आणि पारास्केवास एकटाच आला नाही, तर ते साऱ्यांना दिसणार. दारच बंद असलं की कोण आलं नाही ते कुणाला कळणार? मला पांतेलिसचा राग आला आणि कीवही आली. कीव आली की मी जास्तच आदळआपट करते. धाडधाड खिडक्या लावल्या, कडी घातली, आणि ऐन उकाड्यात आम्ही दोघं अंधारात पंख्यासमोर बसलो.

संध्याकाळ झाली तशी बाहेर पावलं वाजायला लागली. यायची, थांबायची, कुजबुज व्हायची आणि परत फिरायची. नामदिवशी आमच्या गावात दार बंद म्हणजे घरात मयत, नाही तर मरणाचं दुखणं. हे मला सकाळीच सुचायला हवं होतं, पण रागात माझी अक्कल चरायला जाते.

तेवढ्यात दारावर धक्के बसायला लागले.

"गारुफो! दार उघड!"

कडी काढली मात्र, पारास्केवास मला ढकलून आत आला. अंगात नुसतं बनियन, एका पायात चप्पल, चढण पळत आल्यानं धाप लागलेली. मागून लेमोनिया, हातात सुपाचं पातेलं. पांतेलिस खुर्चीत बसला होता, मांडीवर कलिंगडाची फोड.

"मेला नाहीस?" पारास्केवासनं विचारलं.

"नाही."

"दुखतंय कुठं?"

"नाही."

"मग दार कशाला लावलंस, गाढवा? खाटकाची बायको रस्त्यात सांगत सुटलीय, पांतेलिस गेला म्हणून. मी म्हटलं, त्याच्याशी शेवटचं बोललो ते काय, तर..." तो भिंतीला धरून खाली बसला आणि बनियननं डोळे पुसायला लागला. त्याची आई गेली तेव्हासुद्धा मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

पांतेलिसचा चेहरा पडला. "मला वाटलं, तू येणार नाहीस," तो म्हणाला. "मग दार उघडं ठेवून करायचं काय?"

पारास्केवासनं नाक पुसलं. "येणारच नव्हतो. लेमोनियासमोर शपथ घेतली होती. दार उघडं असतं ना, तर आलोच नसतो."

पांतेलिसचे गुडघे दुखतात. तरी तो उठला आणि फरशीवर त्याच्या शेजारी जाऊन बसला, खांद्याला खांदा लावून. लेमोनिया पातेलं धरून तशीच उभी. माझ्याही डोळ्यांतलं पाणी थांबेना. मी दार सताड उघडलं, तर अंगणात अर्धं गाव काळे कपडे घालून, हातात फुलं घेऊन उभं.

"या आत," मी म्हणाले. "जिवंत आहेत दोघंही."