धडा कोणत्या डब्याचा

तृप्तीने आठ महिने घालून एक सर्किट बोर्ड तयार केला होता आणि तो पास की नापास, हे आज चारच्या आत कंपनीला कळवायचं होतं. लोधीपुऱ्यात माहेरी आली होती ती विश्रांतीला. कसली विश्रांती! तिसरा दिवस लॅपटॉपपुढेच मोडला होता. डोळे चुरचुरत होते, पाठ धरली होती.

बोर्ड इंदूरच्या लॅबमध्ये होता. तिथला निरंजन तो फिक्श्चरमध्ये, म्हणजे धरून ठेवणाऱ्या चौकटीत, बसवून मोजायचा. पण चौकटही थोडा सिग्नल खाते. म्हणून तिचं वेगळं माप काढून ते वजा करायचं. नाव भारदस्त, डी-एम्बेडिंग, काम वजाबाकीचं. तृप्तीने वजा केलं आणि आलेख झकास आला. पास! फक्त शेवटच्या टोकाला, बोर्डात जितका सिग्नल गेला त्याहून जास्त बाहेर पडत होता. असं कुठे होतं का? पण तेवढं टोक छाटलं, तर कोण बघणार होतं? तिने कर्सर तिथवर नेलासुद्धा.

ओसरीत तिची आई, मालूबाई, शेजारच्या भारतीला तूप तोलून देत होती. रिकाम्या डब्याचं वजन तुपात धरलं जाऊ नये म्हणून दुसऱ्या पारड्यात तेवढ्याच वजनाचा दगड, म्हणजे धडा, ठेवलेला. अर्धं तूप ओतलं आणि तिचा हात थांबला.

"थांब वं. हा धडा मघाच्या पितळी डब्याचा. तुझा तं स्टीलचा हाये."

"राहू द्या ना मावशी. डब्बा डब्बा सारखाच."

मालूबाईने सगळं तूप परत काढून घेतलं.

तृप्ती बघत राहिली. मग तिने फोन लावला. "निरंजन, माप कोणत्या फिक्श्चरचं पाठवलंस?"

"जुन्याचं होतं ना ताई, तेच. बोर्ड नव्यात लावला. दोनों सेम ही तो हैं।"

"सेम नाहीयेत. बोर्ड ज्यात बसवलास, त्याचंच मोज."

साडेतीनला नवी फाइल आली. वजाबाकी केल्यावर टोक सरळ झालं आणि बोर्ड नापास झाला. थोडक्या फरकाने, पण नापास. तिला फार वाईट वाटलं. रडायचंही त्राण नव्हतं. तिने तसं लिहून पाठवून दिलं.

"निघालं का तुझं माप?" मालूबाईने आतून विचारलं.

"कमी भरलं, आई."

"धडा बरोबर व्हता ना?"

"होता."

"मंग चाल, जेवून घे."