मिस्टर हॉझियाच्या दुकानातले तारे

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्यासोबत एक कल्पना करा. तुम्हाला कान आहेत, पण तोंड नाही. तुमचा पाय बोल्ट मारून जमिनीत घट्ट बसवलेला आहे. दिवसभर माणसं येतात, तुमच्या मांडीवर बसतात, मनातलं बोलतात, भांडतात, खिदळतात आणि उठून जातात. तुम्हाला सगळं कळतं, पण सांगता काहीच येत नाही. जमलं? मग उघडा डोळे. मी तशीच आहे. अलाबामातल्या एका लहान गावातल्या सलूनमधली मी जुनी खुर्ची.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचं अंग, त्यावर पांढरंशुभ्र इनॅमल, लाल चामड्याची गादी, पाय टेकायला नक्षीची लोखंडी फळी आणि बाजूला एक दांडा. दांडा दाबला की मी तोऱ्यात वर चढायची. मिस्टर एझ्रा नावाच्या न्हाव्याने मला आगगाडीने मागवलं. त्या काळात गावातल्या गोऱ्यांच्या सलूनमध्ये काळ्या माणसाला बसू देत नसत. म्हणून आमच्या या काळ्यांच्या दुकानात माझ्यावर जो पहिला माणूस बसला, तो केस कापून झाल्यावरही बराच वेळ उठेना. नुसता माझ्या हातांवरून हात फिरवत राहिला. मिस्टर एझ्रांनीही त्याला उठवलं नाही.

पुढे मिस्टर एझ्रांचा मुलगा, मिस्टर हॉझिया, दुकान बघू लागले. माझ्या दोन हातांवर आडवी फळी टाकून त्यावर बसवलेली रडकी पोरं मी पाहिली. तीच पोरं पुढे लग्नाच्या आदल्या दिवशी दाढी करायला आली, तेव्हाही मीच होते. आता मात्र माझं चामडं फाटलंय, त्यावर चंदेरी चिकटपट्टी लावलीय. आतलं तेल गळतं. कुणी बसलं की मी आपोआप हळूहळू खाली जाते. मिस्टर हॉझिया दांडा दाबून मला पुन्हा वर आणतात आणि म्हणतात, "म्हातारे, अजून थोडा दम धर."

आमच्या गावात माणसं दोनच विषयांवर जीव तोडून बोलतात. एक चर्च आणि दुसरा फुटबॉल. हा पायाने मारायचा फुटबॉल नव्हे बरं का! लांबुळका चेंडू काखेत घट्ट धरून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर येऊन आडवं पाडायचं, असा हा खेळ. शाळेत जो मुलगा चांगला खेळतो, त्याला कॉलेजं बोलावतात आणि त्याचं शिक्षण फुकट होतं. कोणता मुलगा किती चांगला, हे ठरवणारी काही मंडळी दूर शहरात बसलेली असतात. ती मुलांना तारे देतात. पाच तारे म्हणजे हिरा. दोन तारे म्हणजे, असू दे, आहे एक.

या ताऱ्यांवर आमच्या दुकानात कुणाचाही काडीचा विश्वास नव्हता.

"हे तारे वाटणारं कार्टं बसतं कुठे रे?" अंकल प्लेस विचारायचे. ते कागद गिरणीतून निवृत्त झालेले. केस उरले नव्हते, तरी रोज दुकानात हजर. "आपल्या गावाचा रस्ता तरी ठाऊक आहे का त्याला?"

"रस्ता कशाला लागतो अंकल? खुर्चीत बसून बोटानं मोजतो तो," रॉडरिक म्हणायचा. रॉडरिक पोस्टमन. पत्रं वाटून झाली की फोन हातात घेऊन इथेच.

"मोठ्या विद्यापीठाने एखाद्याला बोलावू दे, दुसऱ्या दिवशी त्याच्या दोन ताऱ्यांचे चार होतात. अरे, तारे बघून बोलावणं येत नाही, बोलावणं बघून तारे लागतात!" बाकावरून कुणीतरी म्हणायचं.

आणि पुरावा म्हणून सगळे भिंतीकडे बोट दाखवायचे. तिथे लेम्युएलचा फोटो होता. त्याला दोन तारे मिळाले होते. तरी राज्याच्या मोठ्या विद्यापीठाने अगदी शेवटच्या आठवड्यात त्याला बोलावलं आणि त्याने तिथे मैदान गाजवलं. तेव्हापासून आमच्या दुकानात एक रीत पडली. गावातल्या मुलाला तारे आता दुकानच देणार. बाकावरची मंडळी हात वर करून ठरवायची आणि कॉलेजच्या कागदावर सही करायच्या आदल्या दिवशी मिस्टर हॉझिया त्या मुलाच्या कानामागच्या केसांत मशीनने तेवढे तारे कोरायचे.

मित्रांनो, भिंतीवर फोटो एकच आहे. माझ्यावर मात्र सगळेच बसले होते. दुकानाने पाच तारे दिले आणि पुढे ज्यांचं काहीच झालं नाही, ती मुलंही. त्यांचे फोटो कोण लावणार?

आता जकोरीची गोष्ट सांगते.

जकोरी मिंटरलाही लहानपणी आणून त्या आडव्या फळीवरच बसवायचे. मोठा झाला तसा असा पळायला लागला, की शुक्रवारच्या सामन्याला अख्खं गाव त्याचं नाव घेऊन ओरडायचं. त्याची आई लॅट्रिस कोंबडीचं मांस पॅक करणाऱ्या कारखान्यात कामाला. तिला शनिवारीही सुट्टी नसायची, म्हणून जकोरी दुकानात येताना धाकट्या बहिणीला, झकियाला, घेऊन यायचा. ती बाकावर बसून पाय हलवत उकडलेले शेंगदाणे खायची आणि सगळ्यांकडे बघत राहायची.

ऑक्टोबरमधल्या एका सामन्यानंतर जकोरी माझ्यावर बसला आणि मला काहीतरी वेगळं वाटलं. त्याने उजवा पाय खालच्या लोखंडी फळीवर टेकवला, डावा मात्र तसाच लोंबकळत ठेवला. उठताना सगळा भार माझ्या उजव्या हातावर दिला. पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. माणसं त्याला मैदानात लांबून बघत होती. मी त्याला अंगावर घेत होते. त्याचा डावा गुडघा दुखत होता. पण खुर्चीने सांगायचं कुणाला आणि कसं?

त्याच महिन्यात एक पाहुणा आला. डोंगरापलीकडच्या एका छोट्या कॉलेजचा प्रशिक्षक. तो माझ्यावर बसला, केस कापून घेतले आणि मिस्टर हॉझियांना म्हणाला, "त्या दिवशी मी कुंपणाला टेकून तुमच्या जकोरीचा खेळ पाहिला. चेंडू हातून निसटला तर पोरगा चिडत नाही. पुढच्या वेळी अर्धं पाऊल आधी पोचतो. मला असा मुलगा हवाय. मी त्याला विचारलंय. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत जागा राखून ठेवतो." ताऱ्यांचा त्याने एकदाही उल्लेख केला नाही.

सगळे अदबीने "हो सर, हो सर" म्हणाले. तो दाराबाहेर पडला मात्र, अंकल प्लेस हसले. "त्या कॉलेजचं मैदान कसलं! आपल्या किराणा दुकानाचं पार्किंग त्याहून मोठं आहे."

थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शनिवार उजाडला. जकोरी माझ्यावर येऊन बसला. डावा पाय लोंबकळत होता. मिस्टर हॉझियांनी त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं. तो थोडा वेळ आरशात बघत राहिला.

"अंकल प्लेस, एक विचारू?"

"विचार ना बाळा."

"समजा, एखाद्याचा... म्हणजे तो धावतोय नीट, पण धावताना त्याला..."

मी कान टवकारले. झकियाच्या हातातला शेंगदाणा हातातच राहिला. आणि तेवढ्यात रॉडरिक बाकावरून उडालाच.

"आले! नवे तारे आले! थांबा, थांबा. मिंटर... मिंटर... दोन! अजूनही दोनच!"

"दोन? अरे, माझ्या मांजराला तीन मिळतील!"

"आणि शेजारच्या जॉर्जिया राज्यातल्या, याच्याच जागी खेळणाऱ्या त्या पोराला चार! मी बघितलाय त्याला, वळायचं म्हटलं की ट्रक वळतोय असं वाटतं!"

"आपल्या गावाला हे कधी किंमत देणार नाहीत, लिहून ठेवा!"

दुकान असं तापलं की मिस्टर हॉझियांनी मशीन बंद केलं. जकोरीचा प्रश्न कुठल्या कुठे गेला. अंकल प्लेस माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. मित्रांनो, हे लक्षात ठेवा, त्यांचा त्या पोरावर फार जीव होता.

"ऐक पोरा. त्या डोंगरवाल्याला नाही म्हणून सांग. दोन तारेवाल्याने घाबरून पहिलं दार धरावं, हेच तर त्या शहरवाल्यांना हवंय! राज्याचं विद्यापीठ शेवटच्या आठवड्यात बोलावतं. लेम्युएलला बोलावलं की नाही?"

"आई म्हणते, हो म्हणून टाक."

"आई आहे ती, काळजी करणारच. पण तिच्या जन्माआधीपासून आम्ही फुटबॉल बघतोय."

मला ओरडायचं होतं. याला बोलू द्या, म्हणायचं होतं. माझ्याजवळ होतं काय, तर ते गळतं तेल. मी हळूहळू खाली जाऊ लागले. जकोरीला घेऊन पार तळापर्यंत गेले.

"बघा, बघा!" रॉडरिक ओरडला. "दोन तारे ऐकून खुर्चीसुद्धा खचली!"

सगळे पोट धरून हसले. जकोरीही हसला. मिस्टर हॉझियांनी दांडा दाबून मला वर आणलं. मग जकोरीने कापडाखालून फोन काढला आणि माझ्यावर बसूनच त्या छोट्या कॉलेजच्या प्रशिक्षकाशी बोलला. "नाही सर. हो सर, विचार केलाय. मनापासून आभारी आहे सर." फोन ठेवल्यावर सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. झकिया एकटी त्याच्या डाव्या पायाकडे बघत होती.

डिसेंबरात सहीचा दिवस आला. राज्याच्या विद्यापीठाकडून कुणी काही कळवलं नव्हतं, पण त्याची काळजी कुणालाच नव्हती. लेम्युएलचंही असंच झालं होतं ना! आदल्या दिवशी दुकानात हात वर झाले, अगदी सगळे. मिस्टर हॉझियांनी जकोरीच्या कानामागे पाच तारे कोरले. इतके रेखीव तारे मी त्यांच्या हातून कधी पाहिले नव्हते. अंकल प्लेसनी विद्यापीठाची लाल टोपी आणून खुंटीला लावली. "उद्या त्याच्या डोक्यावर मी घालणार," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जकोरी शाळेत फोनची वाट बघत बसला आणि मंडळी दुकानात. सकाळ सरली, जेवणाची वेळ टळली. कुणी घरी गेलं नाही. शेवटी रॉडरिकचा फोन वाजला.

"विद्यापीठाची यादी पूर्ण झाली," तो वाचू लागला. "शेवटची जागा... जॉर्जियाच्या त्या पोराला. आणि नव्या मुलांच्या ताऱ्यांच्या बेरजेत आपल्या विद्यापीठाचा संघ यंदा देशात तिसरा! तिसरे आलोय आपण!"

मित्रांनो, त्याच्या आवाजात आनंद होता. एकच क्षण. बाकावरही कुणीतरी टाळी वाजवायला हात उचलले होते. मग सगळ्यांना एकदमच कळलं की आपण कशावर खूश झालो. रॉडरिकने फोन उलटा करून मांडीवर ठेवला. खुंटीवरच्या टोपीकडे कुणालाच बघवेना.

डोंगरापलीकडच्या कॉलेजनेही ती जागा केव्हाच दुसऱ्या मुलाला दिली होती. त्यात त्यांची काय चूक?

त्यानंतरच्या शनिवारी जकोरी आला. मागे झकिया. तो माझ्यावर बसला आणि म्हणाला, "मिस्टर हॉझिया, तारे काढून टाका."

कोरलेले तारे नुसते पुसता येत नाहीत. त्यासाठी सगळं डोकंच भादरावं लागतं. मिस्टर हॉझियांनी मशीन हातात घेतलं, पण ते कुठून सुरू करावं हे त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी मानेपासून सुरुवात केली. केसांचे पुंजके माझ्या हातांवर पडू लागले.

अंकल प्लेस खाकरले. टोपी त्यांच्या हातात होती, ती ते नुसती फिरवत होते. "पोरा, आम्हाला वाटलं होतं..."  मग नेहमीचेच शब्द तोंडात आले. "सगळं त्या तारेवाल्यांचं काम आहे. दोनच्या जागी तीन दिले असते, तर..."

"तर काय!" रॉडरिक हळूच म्हणाला. "पण आता त्या बेकरीवाल्यांचा धाकटा बघा. नववीत आहे, पण काय पळतो! त्याला तरी ते..."

आणि पुन्हा तेच बोलणं सुरू झालं. सुरुवातीला दबक्या आवाजात, मग चढत्या आवाजात. जकोरी आरशात बघत होता. त्याच्या गालावर केस चिकटले होते आणि ते त्याने पुसले नाहीत. डावा पाय लोंबकळतच होता. मी खाली खाली जात होते, पण या वेळी कुणाचं लक्षच नव्हतं.

मित्रांनो, मी लोखंडाची. मला एक वाक्य बोलता आलं असतं, तर हेच बोलले असते, की आपल्या माणसाला तारे देण्याची एवढी घाई करू नका. त्याचं वाक्य आधी पुरं होऊ द्या. पण माझ्या हातात काही नव्हतं. आजही नाही.

तेवढ्यात झकियाने शेंगदाण्यांची पिशवी बाकावर ठेवली. ती उठली, मोठ्या माणसांच्या मधून वाट काढत आली आणि माझ्यासमोर केसांच्या ढिगात मांडी घालून बसली. भावाचा डावा पाय तिने दोन्ही हातांनी धरला. झोपलेलं बाळ उचलावं तसा अलगद उचलला आणि माझ्या फळीवर टेकवला. जकोरीच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला.

"इथे दुखतं त्याला," ती म्हणाली. "केव्हापासून दुखतंय."

मिस्टर हॉझियांनी मशीन बंद केलं. अंकल प्लेसच्या हातातली टोपी फिरायची थांबली. झकियाने कुणाकडेही पाहिलं नाही. तिने आपले छोटे तळवे त्या गुडघ्यावर ठेवले आणि पाय पुन्हा निसटू नये म्हणून ती तिथेच बसून राहिली.