आभाळातून आलेलं रोप

अंतराळात फिरून आलेल्या टोमॅटोच्या तीन बिया शाळेने अनुयाला दिल्या, आणि आमच्या पुनावळ्याच्या दोन खोल्यांत जणू पाळणाच हलला. आठवीतल्या सगळ्या मुलांनी त्या घरी लावायच्या आणि दसऱ्याच्या सुट्टीनंतर रोप शाळेत न्यायचं. वर जाऊन आलेलं बी उगवतं का, एवढाच प्रयोग. वर्गात कुणाचंच उगवेना. आमच्या दह्याच्या डब्यात मात्र एक उगवलं. पोरीने कुणाला सांगितलं नाही. बाईंसमोर एकदम ठेवीन म्हणाली. कायम मागच्या बाकावर बसणाऱ्या माझ्या लेकीला एकदा तरी वर्गापुढे उभं राहायचं होतं.

तिकडे चाकणला यांच्या कंपनीत लाइन बंद होणार अशी कुजबुज चालली होती. आमचे जयसिंगराव तसे देवभोळे नाहीत, पण गळ्याशी आलं की माणूस कुठल्याही दगडाला शेंदूर फासतो. खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा असते. सकाळी हे पहिल्या शिफ्टला गेले, आणि पाहते तर डब्यात नुसती माती.

संध्याकाळी पेढे घेऊन आले. मी रोपाचं विचारलं.

"मशीनला वाहिलं. झेंडू काय, सगळेच वाहत्यात. हे आभाळातनं आलेलं हाय. आता लाइन ऱ्हाईल बघ."

असा संताप आला मला! लेकीचा प्रयोग आहे तो, देवाचा प्रसाद नाही, हे या माणसाला कोण सांगणार? अनुया ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "मुळासकट काढलं का, बाबा?"

"न्हाई गं. खुडलं."

दसरा झाल्यावर हे कामावर गेले, तर गेटवरूनच परत पाठवलं. मशीन दुसऱ्या प्लांटला नेलं होतं, गळ्यातल्या हारासकट. भर दुपारी घरी येऊन हे भिंतीकडे तोंड करून पडले. जेवायलाही उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाईंना खरं काय ते सांगायचं म्हणून मी अनुयाबरोबर शाळेत गेले. बाईंनी तिला विचारलं, "तुझं?"

मी तोंड उघडणार, तोच तिने माझा हात घट्ट दाबला.

"नाही उगवलं, बाई."

"म्हणजे एकाचंही नाही," बाई मुलांना म्हणाल्या. "वर जाऊन आलेलं बी उगवत नाही, असंच लिहायचं आपण."

बाहेर आल्यावर मी तिच्यावर चिडले. एवढं उगवलेलं रोप नाही म्हणून का सांगितलंस?

"बाईंनी विचारलं असतं ना," ती म्हणाली, "कुणी खुडलं म्हणून."