एकशे बारा तासांची शिकवणी

निहारिकाचा मेडिकलच्या ॲडमिशनचा इंटरव्ह्यू गुरुवारी होता आणि सोमवारपासून तिचा पाय काही एका जागी ठरत नव्हता. शिकवण्या घेतल्याचा ॲडमिशनला उपयोग होतो की नाही, यावर स्प्रिंगफील्ड लेक्स या परदेशी उपनगरातल्या मराठी घरांत सरळ दोन तट पडले होते. तिच्या आईचं म्हणणं एकच, "कागद हातात असलेला बरा." म्हणून निहारिकाने मैथिलीला दिलेल्या शिकवणीचा एकेक तास फाइलमध्ये लिहून ठेवला होता आणि खाली मैथिलीच्या आईची सहीसुद्धा घेतली होती. एकशे बारा तास!

मैथिली शेजारची, सहावीतली, अपूर्णांकांत अडकलेली. त्या दुपारी ती गणित सोडवत होती आणि निहारिका खोलीभर येरझारा घालत इंटरव्ह्यूचं उत्तर घोकत होती. "ट्यूटरिंगने मला पेशन्स शिकवला..." हातातलं पेन टकटक वाजत होतं.

"समजलं," मैथिली म्हणाली.

निहारिकाने वहीत डोकावून पाहिलं. उत्तर साफ चुकलं होतं.

"अगं, मग समजलं कशाला म्हणालीस?"

"ताई, तू पेन वाजवायला लागलीस ना, की मी समजलं म्हणते. नेहमीच."

निहारिकाने पेन टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढून ती तिच्याशेजारी बसली.

"बरं, कुठपासून समजलं नाहीये ते सांग."

मैथिलीने आधी टेबलावरच्या पेनकडे पाहिलं. मग एकेक पान मागे उलटत तिने वही पहिल्या पानावर आणून ठेवली.