गोंदियाच्या धर्मशाळेतले पाच दिवस

ही एकोणीसशे छत्तीस सालची गोष्ट. माझे पती जीवनलाल यांना बालाघाटच्या शाळेत मास्तरकी लागली, म्हणून आम्ही केशोरीहून निघालो. लग्नाला वर्ष झालं होतं. अर्जुनीपर्यंत बैलगाडी, पुढे रेल्वे. गोंदियाला उतरलो तेव्हा बालाघाटची गाडी निघून गेली होती. पुढची थेट दुसऱ्या दिवशी सकाळी.

स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत फुकट राहता येई. विहिरीभोवती लांब ओसरी, कडेनं चुली. कोणी तांदळाचं पोतं उशाशी घेऊन पडलेलं, कोणाची शेळी खांबाला बांधलेली. ते पाहून मास्तरांचं तोंड वाकडं झालं.

"मी समोरच्या लॉजात खोली घेतो," ते म्हणाले. "तिथे बायकांची सोय नाही. तू इथे राहा. जेवायला येतो."

मी बायकांच्या बाजूला सतरंजी टाकली. शेजारच्या चुलीवर अनुसयाबाई भात शिजवत होत्या, पन्नाशीच्या, डोंगरगडला देवदर्शनाला निघालेल्या. ज्याची त्याची चूल वेगळी, पण विस्तव सगळ्या जणी एकमेकींकडून घेत. मीही त्यांच्याकडूनच घेतला. भात, वांग्याची भाजी केली, झाकून ठेवली. मास्तर आले नाहीत. सकाळी बालाघाटची गाडी सुटली, तरी आले नाहीत.

मी गाठोड्यावर बसून रडू लागले.

"काऊन रडून राहिलीस?" अनुसयाबाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पदर खोचला. "मंग इथं बसून कायले राहिलीस? चाल माह्यासंगं!"

लॉजचा मालक गादीवरून हललाही नाही. "दरवाजा बंद है. गिऱ्हाइकाला आम्ही त्रास देत नाही."

"मेलं तरी नाही का?" अनुसयाबाई ओरडल्या आणि जिना चढल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. मास्तर खाटेवर कुडकुडत पडले होते. अंग तव्यासारखं तापलेलं, पाण्याची सुरई रिकामी. कालपासून कोणी आत डोकावलं नव्हतं.

धर्मशाळेतल्या चौघांनी त्यांना खाटेसकट उचलून ओसरीवर आणलं. मग कोणी कोणाला काही विचारलं नाही. शेळीवाल्यानं दूध दिलं. एका छत्तीसगढी बाईनं पेज रांधली. धर्मशाळेची देखरेख करणारे श्यामलाल उन्हातून जाऊन हिवतापावरचं कुनैन घेऊन आले. तीन दिवसांच्या वर राहू द्यायचं नाही असा तिथला नियम. चौथ्या दिवशी मी भीतभीत गाठोडं बांधायला घेतलं, तर श्यामलाल म्हणाले, "रहने दो बेटी. बीमार आदमी के दिन नहीं गिनते."

अनुसयाबाईंनी दोन दिवस आपली गाडी सोडली होती. ताप उतरू लागला तेव्हा त्या निघाल्या. मी पाया पडले. "नवऱ्याले भात पातळ दे," एवढंच म्हणाल्या आणि स्टेशनाकडे चालू लागल्या. गाव कोणतं, हे विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही.

मास्तर शुद्धीवर आले, पण त्यांनी अनुसयाबाईंना नीट पाहिलंच नव्हतं. "कशा दिसत होत्या?" असं पुढे किती तरी वर्षं विचारत. त्यानंतर हेडमास्तर झाले, हाती पैसा आला, तरी गोंदियात उतरले की धर्मशाळेतच जात. ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांकडे मला बघायला लावत. अनुसयाबाई पुन्हा दिसल्या नाहीत.

मला मात्र त्या पाच दिवसांतलं आणखी एक आठवतं. केशोरीच्या घरात दिवसाउजेडी नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. तिथे इतक्या परक्या माणसांत मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन चमच्यानं पेज पाजत होते आणि कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "कुंता, तू जेवलीस का?"

वर्षभरात त्यांनी मला नावानं हाक मारली, ती तेव्हा पहिल्यांदा.