कमलेशरावांचा अनामिक

कमलेश कडव यांना पन्नाशीत रस्त्यावरच्या छायाचित्रणाचा नाद लागला. एका कार्यशाळेत त्यांना सांगण्यात आलं होतं की चेहरे वाचायला शिका, परवानगी मागू नका आणि फोटो काळापांढरा करा. यातलं शेवटचं त्यांना लगेच जमलं.

दीड वर्षात त्यांनी कर्जतच्या बाजारातल्या म्हाताऱ्यांचे, खालापूरच्या एसटी स्टँडवर झोपलेल्यांचे आणि पळसदरीच्या धरणावर उभ्या असलेल्यांचे चार हजार फोटो काढले. त्यांत पाठमोरे जास्त होते. समोरून काढले की लोक विचारत, "ओ, काय चाललंय?"

आठवडाभर ते खालापुरात एका बंद पडलेल्या कागद गिरणीच्या पेन्शन कचेरीत कारकून असत. तिथे रोज तीस-चाळीस चेहरे खिडकीशी येत. त्यांतला एकही त्यांनी वाचला नव्हता. त्यांना कागद दिसत आणि कागद धरणारी बोटं दिसत.

दर नोव्हेंबरात पेन्शनरांनी आपण जिवंत असल्याचा दाखला करून घ्यायचा असतो. पोशीरचे हिरू महादू दोन गाड्या बदलून तीनदा आले. यंत्रावर अंगठा उमटेना. सत्तावीस वर्षं गिरणीतला ओला लगदा उपसून अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. तीस तारखेपर्यंत दाखला झाला नाही तर पेन्शन बंद होणार होती.

"यंत्र नाही म्हणतंय," कमलेशराव मान खाली घालूनच म्हणाले.

"पन मी हाय ना सायब, हितं उभा."

"तसं चालत नाही. या महिन्यात तुम्हाला जिवंत पाहिलंय असं लेखी देणारा जबाबदार माणूस आणा. गावातला नको, नात्यातला नको. चला, पुढचा!"

हिरू कचेरीच्या पायरीवर जाऊन बसले. असा माणूस कुठून आणायचा, ते त्यांना कळेना. जेवणाच्या सुट्टीत कमलेशराव कॅमेरा घेऊन बाहेर आले आणि थबकले. वाढलेली पांढरी दाढी, गुडघ्यावर कागद, हरवलेली नजर. दीड वर्ष शोधलेलं दुःख आपल्याच दारात बसलेलं पाहून ते हरखले. वीस मिनिटांपूर्वी ते तिथे आपणच बसवलं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. चेहरा ओळखायला तो आधी पाहिलेला असावा लागतो.

त्यांनी अकरा फोटो काढले. त्यातल्या एकाला कर्जतच्या स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं. शीर्षक होतं 'अनामिक'. खाली नियमाप्रमाणे सहीनिशी हमी होती: 'हे छायाचित्र मी बारा नोव्हेंबर रोजी, स्वतः समोर पाहून काढले आहे.' कमलेशरावांनी ते चौकटीत बसवून कचेरीतल्या खिडकीशेजारी टांगलं.

एकोणतीस तारखेला हिरू पुन्हा आले. सायबाने नीट बघावं म्हणून गुळगुळीत दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता. सोबत बायको अंबूबाई आणि कॉलेजात शिकणारी नात हर्षला होती. अंबूबाईंची नजर भिंतीवर गेली.

"अगं हर्षले, हे तं आपलं म्हातारं! खाली काय लिवलंय गं?"

हर्षलाने मोठ्याने वाचून दाखवलं. अंबूबाई खिडकीशी गेल्या.

"सायब, ह्यो फोटो कुनी काढला?"

कमलेशरावांनी त्या महिन्यात पहिल्यांदाच मान वर केली. "मी. दुसरं बक्षीस आहे."

"बारा तारखेला? सोता बघून?"

"अर्थात. लेखी दिलंय मी."

"मंग तुमीच की वो जबाबदार मानूस! गावचे नाय, नात्यातले नाय. मारा शिक्का."

रांगेत हशा पिकला. कमलेशराव गोरेमोरे झाले. "पण हे तेच कशावरून?"

"ते नाय, तर कोन हाय? नाव सांगा."

"नाव नसतं त्याला. अनामिक म्हणतात."

"नाव नाय? तीन येळा अर्ज दिला तुमाला, त्यावर हाय की!"

मागून कुणीतरी म्हणालं, "सायब, मानूस खोटा तर मंग बक्षीस पन खोटं."

बक्षीस खोटं ठरणं कमलेशरावांना परवडणारं नव्हतं. त्यांनी अर्जावर सही केली, शिक्का मारला. मग कागद देताना हिरूंच्या तोंडाकडे प्रथमच निरखून पाहिलं आणि चुकचुकले.

"दाढी का काढलीत हो? अजून दोन-चार घेतले असते."

हिरूंनी दाखल्याची घडी घालून खिशात ठेवली.

"पुढल्या नोव्हेंबरात वाढवून येतो, सायब. तवा तरी वळखाल."