शीर मिटेना तेव्हा

नोरीनने लोरेटाच्या मांडीवर गार जेल ओतलं आणि सोनोग्राफीचा दांडा टेकवला.

"भार दुसऱ्या पायावर द्या. उभ्याच राहा."

"बसून नाही का होत?"

"नाही. रक्त उलटं येतंय का ते उभ्यानेच दिसतं."

"बरी सापडले तुझ्या तावडीत," लोरेटा म्हणाली.

खोटं नव्हतं ते. बंदरावरच्या कारखान्यात नोरीन मासळी कापायची, तेव्हा लोरेटा मुकादम होती. सातव्या महिन्यात नोरीन जरा स्टुलावर टेकली, तर या बाईने सगळ्यांदेखत स्टूल उचलून नेलं. 'बसायचं तर घरी बस.' एकवीस वर्षं झाली, पण नोरीन विसरली नव्हती. विसरायची तिची इच्छाही नव्हती. आज चाकांच्या स्टुलावर ती बसली होती.

तिने पोटरी दाबून सोडली. फुगलेल्या, गाठाळ शिरांतून रक्त माघारी आलं. एवढं लिहून ती मोकळी होऊ शकली असती. पण तिने आतली मोठी शीर दाबली. ती सपाट मिटायला हवी होती. मिटेना. तिने पुन्हा दाबली, वर सरकून आणखी दाबली. जुनी गुठळी पार जांघेपर्यंत गेली होती. म्हणजे पायाचं रक्त वर नेत होत्या त्या या कुरूप शिराच. गुरुवारच्या ऑपरेशनात त्या काढल्या असत्या, तर या पायाचे हाल कुत्र्याने खाल्ले नसते.

"आटप गं. महिन्याभरात कामावर उभी राहिले नाही, तर नवा साहेब मला काढणार आहे."

नोरीनने उठून डॉक्टरांना फोन लावला. हळू आवाजात बोलली, ऐकलं, ठेवला.

"गुरुवारचं ऑपरेशन होणार नाही."

"का?"

"ते डॉक्टर सांगतील. आम्हाला सांगायची परवानगी नसते."

लोरेटाचा चेहरा लालबुंद झाला.

"एका स्टुलापायी? एवढी वर्षं डूख धरून बसलीस?"

उत्तर नोरीनच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि पायानेच स्टूल पुढे ढकललं.

"बसा. डॉक्टर खाली येतायत."

लोरेटाने स्टुलाकडे पाहिलं आणि खाटेचा कठडा घट्ट धरला.

"तुझं स्टूल ठेव तुझ्यापाशी."

जेल ओघळत तिच्या मोज्यापर्यंत आलं. दुखरा पाय थरथरत होता, पण ती टेकली नाही. नोरीनने स्टूल मागे ओढलं नाही. डॉक्टर येईपर्यंत दोघी उभ्याच होत्या.